गुण असतात, कागद नसतात

जून उजाडला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेरचा बाक रिकामा म्हणून राहत नाही. निकाल लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात. मग एकेक पालक प्लास्टिकची पिशवी काखेत धरून येतात. पिशवीत मार्कशीट, रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, वीजबिल, कधी तर आईवडिलांचा निकाहनामासुद्धा असतो. घरात जे होते ते सगळे आणलेले असते. नेमके जे हवे असते, तेच त्यात नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पिशवीने आम्हाला धडा शिकवला. आमच्याच शाळेतून दहावी झालेली मुलगी. वडील फळांची गाडी लावतात, जातीने बागवान, म्हणजे ओबीसी. बारावी सायन्सला चांगले गुण, सीईटीतही चांगले पर्सेंटाइल. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ओबीसीतून तिचा नंबर लागण्यासारखा होता. जातीचा दाखला बारावीच्या वर्षी धावपळ करून काढलेला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. समितीने १९६७ च्या आधीचा पुरावा मागितला. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले. आजोबा गावच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते, पण त्या शाळेत जाऊन जुने रजिस्टर पाहण्याचे कुणाला सुचलेच नव्हते. शेवटी चुलते गेले आणि रजिस्टर सापडले. आजोबांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात ‘मुसलमान बागवान’ असे लिहिलेले होते. तोवर मुदत संपली होती, मुलगी खुल्या गटात गेली आणि खुल्या गटाचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या वर होता. खासगी कॉलेजची फी झेपणारी नव्हती. व्याजाचे कर्ज घ्यायला वडील तयार नव्हते. मुलीने गावातच बीएस्सीला नाव घातले.

वडील आम्हाला म्हणाले, “सर, नसीब में नहीं था.” आम्ही मान हलवली. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण ही नशिबाची गोष्ट नव्हती. ती मुलगी पाच वर्षे आमच्या वर्गात होती. आम्ही तिच्याकडून निबंध लिहून घेतले, उच्चार सुधारून घेतले. तिच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय आहे, हे मात्र एकदाही पाहिले नाही. तो दोष आमचाही होता.

तेव्हापासून आम्ही नववीच्या पहिल्या पालकसभेत अभ्यासाआधी कागदांबद्दल बोलतो. या लेखात तेच सांगायचे आहे. प्रवेशाची तयारी निकालानंतर सुरू होत नाही. ती नववीतच सुरू करावी लागते.

आधी नाव जुळवा

आपल्या समाजात सर्वांत जास्त घोटाळा नावाचा होतो. मराठवाडा-विदर्भात ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी नावे लिहिण्याची पद्धत आहे. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत आडनावच नाही. ‘मोहम्मद’चे कुठे ‘मो.’ होते, कुठे ‘एमडी’, कुठे ‘मोहंमद’. आईचे नाव एका कागदावर ‘बी’ लावून, दुसऱ्यावर ‘बेगम’ लावून, तिसऱ्यावर माहेरचे. घरात याने काही बिघडत नाही. संगणकाला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात. अपार आयडी तयार होत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, बँक खाते आधारशी जोडले जात नाही.

म्हणून नियम एकच. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापून येणार आहे, तेच नाव, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने सगळीकडे असले पाहिजे. मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे तोवर चूक दुरुस्त करणे सोपे असते. मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज द्यायचा, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी येते आणि रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर हेच काम फार कठीण होते, कधी राजपत्रापर्यंत जावे लागते. जन्मतारखेचेही तसेच. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना शाळा नावाची यादी तपासायला देते, त्यावर डोळे झाकून सही करू नका. मुलाला शेजारी बसवा आणि अक्षर न् अक्षर पाहा.

जात: लपवायची नाही, शोधायची

“सर, इस्लाममध्ये जात कुठे आहे?” हा प्रश्न दर पालकसभेत येतो. दीनमध्ये नाही, हे खरेच. पण आपले पूर्वज कोणता धंदा करत, समाजात त्यांची स्थिती काय होती, हे सरकारी यादीत आहे आणि सवलत त्या मागासलेपणावर मिळते, धर्मावर नाही. २०१४ साली मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे ‘मुस्लिम’ म्हणून वेगळी राखीव जागा नाही. मात्र बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. नव्वदच्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ गावोगावी नेली, दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस त्या व्यासपीठावर उभा राहिला, तो याचसाठी. तेव्हा मिळवलेला हक्क आज कागदाअभावी वाया जातो, याचे वाईट वाटते.

ओबीसीच्या दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. पुरावा कुठे शोधायचा? वडील, आजोबा, चुलत आजोबा, आत्या, जे कुणी शाळेत गेले असतील त्यांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. तहसीलमध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, गावच्या कोतवाल बुकातही असतात. जमिनीची, घराची जुनी खरेदीखते पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर ती प्रत म्हणजे मोठा आधार. चुलत्यांशी बोलणे बंद असेल तर निदान यासाठी सुरू करा.

जातीचा दाखला तहसील-प्रांताच्या कचेरीतून निघतो, अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. तो नववी-दहावीतच काढून ठेवावा. अकरावीत गेल्यावर कॉलेजच्या शिफारशीने जिल्हा जात पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज करायचा, कारण व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागा हवी असेल तर वैधता लागतेच. कधी सरकार वैधता सादर करायला मुदत वाढवून देते, कधी देत नाही. त्या मुदतवाढीवर मुलाचे आयुष्य लावू नये.

सोबत नॉन-क्रीमीलेयर लागते. कुटुंबाची मर्यादा ८ लाखांची आहे आणि या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षीचे नॉन-क्रीमीलेयर घेऊन जूनमध्ये आलेले पालक आम्ही दरवर्षी पाहतो. तारीख वाचून घ्या.

ज्यांची बिरादरी यादीत नाही

सय्यद, पठाण, मिर्झा अशी बरीच घरे खुल्या गटात येतात. ‘आपल्याला काहीच नाही’ म्हणून ती गप्प बसतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असेल तर आर्थिक दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागा त्यांच्यासाठी आहेत. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेली ही सवलत धर्म पाहत नाही. राज्यातल्या प्रवेशासाठी राज्याचा नमुना, केंद्राच्या संस्थांसाठी केंद्राचा नमुना वेगळा असतो. दोन्ही काढून ठेवा. ईडब्ल्यूएसची जागा अल्पसंख्याक संस्थांमध्ये मात्र नसते.

तिथे वेगळा दरवाजा आहे. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या ज्युनिअर कॉलेजात आणि व्यावसायिक कॉलेजात साधारण निम्म्या जागा आपल्या मुलांसाठी असतात. १८७४ साली मुंबईत सुरू झालेल्या अंजुमन-ए-इस्लामपासून ते रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये औरंगाबादला उभ्या केलेल्या मौलाना आझाद कॉलेजापर्यंत आपल्या बुजुर्गांनी या संस्था याच दिवसासाठी काढल्या. अर्जात ‘अल्पसंख्याक’ आणि ‘मुस्लिम’ हे रकाने भरले नाहीत तर या जागांसाठी नाव धरलेच जात नाही. एक टिक राहिली म्हणून कोटा गेला, असेही आम्ही पाहिले आहे.

दहावीनंतरचे वळण

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. आधी तो मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा महानगरांपुरता होता. आता तालुक्याच्या गावातही संगणकावरच पसंतीक्रम भरावे लागतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या क्रमांकावर गंमत म्हणून काहीही टाकू नका.

त्याआधी शाखेचा विचार. शेजारच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्या मुलाने घेऊ नये. गणित सोडले की इंजिनिअरिंगचा रस्ता बंद, जीवशास्त्र सोडले की नीटचा. दोन्ही घेऊन दोन्हीकडे दमणारी मुलेही असतात. ज्याचे हात चालतात, ज्याला पुस्तकापेक्षा यंत्र आवडते, त्याला दहावीनंतर पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा रस्ता दाखवा. डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआय हीदेखील कमीपणाची गोष्ट नाही. ज्या घराला लवकर रोजी हवी आहे, तिथे हा रस्ता बारावी नापास होण्यापेक्षा कितीतरी चांगला.

बारावीनंतर आणि भाषेची भीती

इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी यांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. त्यात ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे म्हणणे इथेच महाग पडते. इंजिनिअरिंगला सीईटीबरोबर बारावीला भौतिक, रसायन, गणित या विषयांत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. बीबीए, बीसीए यांनाही २०२४ पासून सीईटी आली आहे. बारावी कॉमर्सच्या मुलांना हे जानेवारीत सांगितले नाही तर जूनमध्ये उशीर होतो. डॉक्टर व्हायचे असेल तर नीट. एमबीबीएसच नव्हे, बीएएमएस आणि युनानीचे बीयूएमएस यांनाही नीटच लागते. दहावीला उर्दू किंवा अरबी घेतलेल्या आपल्या मुलांनी युनानीकडे पाठ फिरवू नये. त्यांच्या हातात आधीच असलेली भाषा तिथे कामाला येते.

उर्दू माध्यमातली मुले म्हणतात, “पेपर इंग्रजीत असतो, आपले काय चालणार?” हे अर्धेच खरे आहे. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न उर्दू आणि मराठीतही मिळतात, फक्त गणित इंग्रजीत असते. नीटमध्ये उर्दू आहे, मराठीही आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीतही दोन्ही आहेत. अर्ज भरताना भाषा निवडायची असते, नंतर बदलता येत नाही. आमचा सल्ला असा की मुलाने ज्या भाषेत विषय शिकला ती भाषा निवडावी आणि इंग्रजी संज्ञा दोन वर्षांत पाठ करून ठेवाव्यात, कारण पुढे कॉलेजात शिकवणे इंग्रजीतच होणार आहे. उर्दूतूनच पदवी घ्यायची असेल तर हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे.

पसंतीक्रम घरी लिहा, कॅफेत नाही

कॅपच्या फेरीत पसंतीक्रम म्हणजे मुलाच्या मनाचा क्रम. मिळणार नाही असे वाटले तरी जे सर्वांत हवे ते वर, त्याखाली दुसरे. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप खालचे पाहते, त्यामुळे वर मोठे कॉलेज लिहिल्याने नुकसान होत नाही. पण पहिली पसंती मिळाली तर ती पक्की होते, बदलता येत नाही. म्हणून जिथे जायचेच नाही असे कॉलेज यादीत कुठेही टाकू नये. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहून तीन भाग करा: थोडे अवघड, आपल्या टप्प्यातले आणि हमखास मिळणारे. तिन्ही भागांतली कॉलेजे यादीत हवीत. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी.

आणखी एक. नेट कॅफेवाला घाईत आपलाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड आपल्याच वहीत लिहितो. मग ओटीपी त्याच्याकडे, तो लग्नाला गेला की तुमचा प्रवेश थांबला. अर्जावर घरातला नंबर टाका, पासवर्ड मुलाच्या वहीत लिहा आणि वर्षभर तो नंबर बदलू नका. भरलेल्या प्रत्येक पानाची प्रिंट घ्या.

पैसा

व्याजाच्या कर्जापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांनी शिष्यवृत्तीकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटीवर आहेत: ओबीसींसाठी, खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, अल्पसंख्याकांसाठी वेगळी शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एका मुलाला सगळ्या मिळत नाहीत, पण एकही न भरणे ही आपली चूक. बँक खाते मुलाच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असले पाहिजे. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सोय झाली आहे. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश कॅपच्या फेरीतून हवा. घाबरून मॅनेजमेंट कोट्यात जागा घेतली की ही माफी गेली. वर सांगितलेला दाखला नसेल तरीही गेली.

मुलगी बाहेरगावी

आता ती गोष्ट, जी पालक बाकावर बसून बोलत नाहीत, उठताना दारात उभे राहून बोलतात. “सर, नंबर लागला पण लांब आहे. एकटी कशी पाठवायची?” ही काळजी खोटी नाही, आम्हीही मुलींचे पालक आहोत. पण पसंतीक्रम भरून, नंबर लागल्यावर नकार देणे हा मुलीवर अन्याय आहे आणि ती जागाही वाया जाते. हा विचार मे महिन्यात करा. यादीतल्या दोन-तीन कॉलेजांना अब्बा-अम्मी दोघांनी जाऊन यावे. वसतिगृह पाहा, तिथल्या मुलींशी बोला, बस किती वाजता सुटते, नमाजला जागा आहे का, बुरख्याबद्दल कॉलेजचा नियम काय, सगळे स्वतः विचारा. बऱ्याच जिल्ह्यांत अल्पसंख्याक मुलींसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. आमच्या शाळेतल्या एका वडिलांनी तीन दिवस मुलीच्या कॉलेजसमोर चहाच्या टपरीवर बसून येणारे-जाणारे पाहिले. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, “सर, भरून टाका.” ती मुलगी आज नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

वर्षागणिक काय करायचे

नववीत नाव, जन्मतारीख आणि आधार जुळवा. आजोबांच्या शाळेत जाऊन या. दहावीत जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला काढा. अधिवासासाठी राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अकरावीत वैधतेचा अर्ज करा आणि पावती जपा. बारावीत जानेवारीपासून सीईटी, नीट, सीयूईटी यांच्या तारखा भिंतीवर लावा, एप्रिलमध्ये नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस नवे काढा. मूळ कागद कुठेही देताना पोच घ्या, दाखल्याच्या पाच-सहा प्रती आधीच करून ठेवा. मध्ये एक वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र विसरू नका.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या मते शाळकरी मुलांच्या घरात ती दोरी म्हणजे ही फाइल आहे. दुआ जरूर करा, पण दुआबरोबर तहसीलची पावतीही असू द्या.

त्या बागवान मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती बीएस्सी झाली, आता बीएडची सीईटी देणार आहे. आजोबांचा उतारा सापडल्यावर कुटुंबाने वैधतेचे काम पुरे केले, तिच्या धाकट्या भावाला त्याचा उपयोग झाला. दर मे महिन्यात ती दुपारी आमच्या शाळेत येते आणि त्याच बाकाजवळ टेबल लावून मुलांचे अर्ज तपासते. कुणाचे अब्बा पिशवी उघडून बसले की ती मार्कशीट बाजूला ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते, “दादा कोणत्या शाळेत होते?”

आज मगरिबनंतर तुम्हीही घरातले सगळे कागद सतरंजीवर पसरा. एका कोऱ्या पानावर मुलाचे नाव प्रत्येक कागदावर जसे आहे तसे एकाखाली एक लिहा. जिथे एक अक्षर वेगळे दिसेल तिथे खूण करा. उद्या सकाळी ते पान घेऊन शाळेत या.